देवी बोलली का तू?

माय,

काल विहारात भंतेजीनं सांगितलं का ‘मी’ नावाचं आत कोनी बसलेलं नाही. पाहनं होते, ऐकनं होते, दुखनं होते, अन् आपन उगाच त्याले मालक लावतो. म्या म्हनलं, “भंतेजी, मंग भाजीत मीठ जास्त झालं ते कोनाले कळलं?” बाया खिदळल्या. भंतेजी बी हसले. म्हने, “आजी, खारट लागलं एवढं खरं. ‘मला’ लागलं, हे मागून जोडलेलं.” घरी येऊन रेशनच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी थापाले बसली, अन् तू आठवली.

तुह्या अंगात देवी ये ते दिवस. मंगळवारी डफ वाजला का तुहे केस सुटत, आवाज घोगरा होये, अन् माहा बाप, जो एरवी तुह्या जिभेले कवडीची किंमत देत नव्हता, हात जोडून पुढं बसे. देवीनं एकदा त्याची दारू सोडवली. मंग एका मंगळवारी माह्याकडे बोट केलं. मी असीन सात-आठ वर्षांची. “हे माही पोर चुलीच्या राखेत अक्षरं काढते. हिले शाळेत घाल.” बाप भीत भीत म्हने, “आई, पोरीच्या जातीले शाळा कायले?” तं देवी अशी घुमली का दिवाच लवंडला. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर बसलेली, दाराच्या बाहेर, पन शाळेत. दोन वर्ग शिकली. त्याच्यावरच हे लिहून राह्यली. चुका असतीन तं देवीले सांग.

पन राखेतली अक्षरं देवीनं कवा पाह्यली? कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाठीवर पाह्यलेल्या त्या रेघोट्या मी काढे, अन् पाहनारी घरात तू एकटी. पाठीत धपाटा बी तूच घाले, “राख कायले पसरवतं व भवाने?” शाळेत बसली त्या सांजी म्या विचारलं, “माय, शाळेचं तूच बोलली का?” भाकर थापता थापता तू म्हने, “मी कायले बोलू? मले काही आठवत नाही. जाय, पानी आन.”

दीक्षा घेतली तवा टोपल्यातले देव नदीत सोडाले तूच गेली. मंगळवार आले, गेले, तुह्या अंगात पुन्हा कोनी आलं नाही. देवी नव्हतीच, हे मले बी पटते. वाटलं होतं, आता उरलेली ते तू असशीन, एक दिवस नीट विचारीन. तं दोन वर्षांत तूच गेली. अन् आता भंतेजी म्हनते का तू बी नव्हती. बोलनं झालं, एवढं खरं.

असीन बाप्पा. भंतेजीचं खोटं नाही वाटत. चुलीपाशी तू एक, देवीत दुसरी, दुखन्यात पडली तवा तिसरीच. खरी कोनती, मले सांगता येनार नाही. माहं तरी काय, सुनेशी बोलते ते एक म्हातारी, नातीले जवळ घेते ते दुसरी. पन उभ्या जन्मात तुह्या तोंडून माह्यासाठी एकदाच ‘माही पोर’ निघालं, अन् ते बी घोगऱ्या आवाजात. त्याले मालकच नाही म्हनलं, तं मी पोर कोनाची राह्यली?

हा कागद टपालात टाकनार नाही, तुह्या गावाले एस.टी. जात नाही. भंतेजी विचारतीन, आजी समजलं का, तं हो म्हनीन. समजलं नाही. समजून घ्याचंच नाही मले. ते तूच बोलली होती असं पाहिजे, माय, अन् इतकी म्हातारी झाली तरी पाहिजे.