डोळे मिटून चारशे दाणे

४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

सरकारी बियाणे केंद्रांच्या तुलनेचा तक्ता माझ्याच टेबलावर तयार झाला. बारा केंद्रांत तुझं बारावं. पहिल्याची उगवण शंभरात अठ्ठ्याण्णव, तुझी चौऱ्याऐंशी. साहेब म्हणतात, पहिल्याकडून शिका. दोन महिन्यांत आकडा वर आला नाही तर केंद्र बंद. हे तुला परक्याकडून कळायला नको, म्हणून लिहितोय. जाऊन बघून ये, आणि हट्टीपणा जरा घरी ठेव.

प्रेम कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

जाऊन आले, आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. केंद्र अगदी चकाचक आहे. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मोठ्या कौतुकाने दाखवलं, की चाचणीचे चारशे दाणे त्या चिमट्याने निवडतात, टपोरे तेवढेच. फुटके, किडके पोत्यातच राहतात आणि पेरणीला जातात. मी खोदून विचारलं, तर म्हणाल्या, पाहुण्यांपुढे आपण चांगलंच ठेवतो ना. बाई वाईट नाहीत रे.

आम्ही पोतं ढवळतो आणि डोळे मिटून मूठ काढतो. माझी सात माणसं आता म्हणतात, आपणही निवडू, केंद्र तरी वाचेल. खोटं कशाला सांगू, काल मीही चिमटा हातात घेतला होता. मग ठेवला. मला भीती वाटते. तक्ता तू केलास, आता मूठही तूच येऊन काढ.

माया आहे, रागही आहे.
ताई

११ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन्हीकडे मीच मूठ काढली, डोळे मिटून. आठ दिवसांनी कोंब मोजले. तुझे चौऱ्याऐंशीच, त्यांचे एकसष्ट. इतके दिवस मी आकडे नुसते उतरवत होतो, याची लाज वाटली.

साहेब म्हणाले, जुना तक्ता छापून गेलाय, राहू दे. मला राहवेना. नवा तक्ता सही करून बाराही केंद्रांना पाठवला. आता सगळीकडे फेरचाचणी आहे आणि तुझं केंद्र बंद करायचा विषय थांबलाय.

मात्र माझा बदलीचा हुकूम आला. बाराव्या केंद्राचा एवढा पुळका असेल तर तिथेच जाऊन दाणे मोजा, असं साहेबांनी ऐकवलं. सोमवारी हजर होतो. घरी तुझ्या हाताखाली होतोच, आता कचेरीतही.

चाचणीचा एक ट्रे माझ्यासाठी रिकामा ठेव. लोभ आहेच, पहिल्या दिवशी उशीर झाला तर तेवढा टिकू दे.

तुझा धाकटा