पुढचं गाणं कोणाचं

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी पुढे नेमकं काय काम करणार हे तुम्हाला उमगलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. मोबाईलवर गाणी ऐकायचं एक ॲप असतं, तसल्या एका ॲपच्या पुण्यातल्या कंपनीत मी आहे. आत्ता कोणतं गाणं वाजतंय आणि त्यामागून कोणती येणार, ही यादी पडद्यावर कशी दिसावी ते मी ठरवते. चालू गाणं किती ठळक करायचं, वाजून गेलेलं फिकं करायचं की काढूनच टाकायचं, ओळ बोटानं धरून वरखाली सरकवू द्यायची की नाही. सांगताना लाज वाटावी इतकं बारीक काम आहे. ऐकणाऱ्यानं स्वतः लावलेली गाणी वर, मग एक बारीक रेघ, आणि रेघेखाली कंपनीनं आपल्या मनानं जोडलेली गाणी, अशी मांडणी मी केली होती. गेल्या आठवड्यात माझ्या वरच्या बाई म्हणाल्या, "ती रेघ काढून टाक. आपली गाणी त्यांच्या गाण्यांत मधेमधे येऊ देत. कोण बघतंय?" आम्ही सहा जण बसलो होतो. मी मान हलवली आणि जेवायच्या आधी रेघ काढून टाकली. तेव्हापासून तुमचा फळा डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपलं मंगरूळपीरचं साउंड सर्व्हिसचं दुकान, दोन भोंगे, ॲम्प्लिफायर, कॅसेटींची पत्र्याची पेटी, आणि शाळेनं टाकून दिलेला तो फळा. लग्न असो, बारसं असो, जयंती असो, तुम्ही आधी फळा उभा करायचात आणि मग वायरी जोडायचात. लोक फर्माईश सांगायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहायची: गाणं, आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव. चालू गाण्यासमोर खडूचा ठिपका, वाजून झालेल्यावर आडवी रेघ. जागा पुरत नाही म्हणून मी एकदा वरच्या ओळी पुसायला गेले तर तुम्ही हात धरलात. "पुसू नको. ज्याचं वाजलं त्यालेही दिसू दे, ज्याचं राह्यलं त्यालेही दिसू दे. मंग भांडन होत नाही." मला तेव्हा ते तुमचं खूळ वाटायचं.

अनसिंगकडच्या एका गावातलं ते लग्न तुम्हाला आठवत असेल. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. विहारासमोर मांडव, ऊन तापलेलं. एक म्हातारी आली. तिची लेक विहारात भीमगीतं म्हणायची, बाळंतपणात गेली. त्यातलं एक गीत लावा म्हणाली. तुमच्या पेटीत ते होतं. मी तिचं नाव तिसऱ्या ओळीवर लिहिलं. "बाई, मले वाचता येत नाही. वरून तिसरी ओळ माही ना?" मी हो म्हटलं. ती फळा दिसेल अशी मांडवाच्या खांबाला टेकून बसली. तुम्ही जळलेला भोंगा बदलायला मागे गेला होतात. तेवढ्यात नवरीचे मामा आले, त्यांना नाचायची गाणी हवी होती, एक झालं की दुसरं. ते मोठ्यानं बोलत होते आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. मी म्हातारीची ओळ पुसून खाली लिहिली, मग आणखी खाली. तिसऱ्या ओळीसमोर ठिपका आला तेव्हा ती सावरून बसली, पदर डोक्यावर नीट घेतला. वाजलं ते मामांचं गाणं. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माही ओळ तं आली होती, बाई. गानं दुसरंच लागलं वाटते." मी म्हटलं, लागेल आता. ती परत जाऊन बसली. मग वाशीमची एसटी आली आणि ती उठून गेली.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तिले वाचता येत नव्हतं, तरी तिनं फळ्यावर भरोसा ठेवला. फळा खोटा बोलला म्हंजे मी खोटा बोललो." चार दिवसांनी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून तुम्ही मला तिच्या गावी नेलंत. तिनं चहा केला, आम्हाला खाटेवर बसवलं. गीत पूर्ण वाजलं. ती भिंतीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "मले ते लोकायत ऐकाचं होतं, दादा. चार जनाच्या कानावर पोरीचं गानं गेलं असतं. घरी तं रडूच येते."  

आता दवाखान्याचं. तुमचा आवाज बसला तो बसलाच. घशात गाठ निघाली. अकोल्याला तपासणारे मोठे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदाच यायचे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आईच्या गुडघ्यांमुळे तुमच्यासोबत मीच आले होते. दारावर लाल आकड्यांचा बोर्ड, आपल्या हातात चिठ्ठी. सकाळपासून बसलो होतो. दुपारी माझा फोन वाजला, पुण्याहून, नोकरीसाठी. आत नीट ऐकू येईना म्हणून मी बाहेर लिंबाखाली गेले. त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, खूप वेळ दिली. परत आले तर तुम्ही दाराशी उभे होतात, चिठ्ठी वर धरून. आपला आकडा लागला होता, दारावरच्या माणसानं दोनदा पुकारलाही होता. तुम्ही मागच्या बाकावरून उठून गर्दीतून दारापर्यंत येईस्तोवर पुढचे आत गेले होते. ओरडायला तुमच्याकडे आवाज नव्हता. मी हात जोडले, पण डॉक्टरांची निघायची वेळ झाली होती. "पंधरा दिवसांनी या."

घरी आल्यावर आईनं विचारलं. मी म्हटलं, "बोर्ड बंद होता. कोणाले काही समजतच नव्हतं." तुम्ही खाटेवर बसून हे ऐकत होतात. माझ्याकडे पाहिलंत, आणि पाणी मागितलंत. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले की आता फार काही करण्यासारखं नाही. आधी आलो असतो तर काही झालं असतं का, हे मी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली. नोकरी मात्र त्या फोनवरच पक्की झाली. पोळ्यानंतर आठवड्याभरात तुम्ही गेलात, आणि मी महिन्याच्या आत पुण्याला रुजू झाले.

पुढे हाच बंद बोर्ड मी मुलाखतींमध्ये सांगत आले. रांग नीट दिसली नाही म्हणून माझ्या वडिलांचा नंबर गेला, म्हणून मी या कामात आले, असं म्हटलं की लोक गंभीर होतात. आत्ताची नोकरीही त्या गोष्टीवरच मिळाली असावी.

तुम्ही त्या दिवशी आईसमोर काहून गप्प राहिलात, हे मला अजून ठरवता येत नाही. घशामुळे, की मला वाचवायला, की माझ्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. आई मंगरूळपीरलाच आहे. अजूनही कोणी आलं की त्या बोर्डाला शिव्या देते, "बोर्ड चालू असता तं मानूस वाचला असता," म्हणते, आणि मी बाजूला बसून ऐकते. हे पत्र टपालात टाकायचं झालं तर एकच पत्ता आहे, तिचा. तिला वाचता येतं, म्हणून मी ते टाकणार नाही. ती गेल्यावर सगळ्यांना खरं सांगीन असंही मनात येतं, आणि मग कळतं की मी त्याचीच वाट बघते आहे.