काकांनी तिसऱ्यांदा विचारलेच नाही

सोलो, मंगळवार

तीर्थस्वरूप सुदार्सोनो काकांच्या चरणी रेत्नानिंगचा विनम्र नमस्कार. गेल्या ईदला तुमच्या गुडघ्यांशी वाकून मागितलेल्या क्षमेतली थोडी शिल्लक असेल, तर या पत्राचा आगाऊपणा तिच्यातच सामावून घ्यावा. काकू आता जिना चढू शकतात का? तुमचा कवडा पहाटे घुमतो ना, की जाकार्ताला जाऊन त्यानेही उशिरा उठणे पत्करले? (राग मानू नये. जाकार्तात माणूस बदलतो, हे मत आईचे आहे. मी केवळ लेखनिक.)

आमच्या पोथ्यांच्या संग्रहालयाचे वर्तमान असे. जुन्या पोथ्यांच्या पानांची छायाचित्रे सुराबायाच्या छापखान्याला द्यायची आहेत. ती इतकी जड की ईमेलला पेलत नाहीत. आजवर ती डिस्कवर भरून, खोक्यात घालून बसने जात. तेव्हा आमच्या प्रमुख विनार्तीबाईंनी ठरवले की येथे एक फाइल सर्व्हर मांडावा आणि छापखान्याने हवी ती पाने आपापली उचलावीत. हे काम माझ्याकडे आले, कारण भरतीच्या परीक्षेत माझा पहिला क्रमांक होता. (पहिला क्रमांक आलेल्या मुलीला सगळेच येते, पंखासुद्धा दुरुस्त करता येतो, असा येथे दृढ समज आहे.) सोमवारपर्यंत पाने सुराबायाला पोहोचली नाहीत, तर यंत्र गुंडाळून ठेवायचे आणि मला तिकीट खिडकीत बसवायचे, असेही बाईंनी अत्यंत गोड शब्दांत सांगितले आहे. त्या खिडकीत ध्वनिक्षेपक आहे, काका. येणाऱ्या प्रत्येकाचे त्यातून स्वागत करावे लागते. दुकानात उरलेले सुटे मागायलाही मी धाकट्या बहिणीला पुढे करते, हे तुम्ही जाणताच.

शेजारच्या खोलीतून पाहिले तर सर्व्हर उत्तम चालत होता. मग सुराबायाच्या छापखान्याचे गुंतुर पाने घ्यायला आले, म्हणजे तारेवरून आले. (सुराबायात तक्रार आधी आणि नमस्कार मागाहून, सवड असल्यास.) यंत्राने त्यांना नाव विचारले, परवलीचा शब्द मान्य केला आणि मी अदबीच्या उच्च जावानी भाषेत रचलेले चार ओळींचे स्वागतही ऐकवले. त्यांनी पानांची यादी मागितली मात्र, यंत्र गप्प झाले. गुंतुरांचा फोन आला, "ताई, तुमचं यंत्र या-बसा म्हणतं नि आत निघून जातं. चहा येणारे का, की मी उठू?"

स्वागताने ते कंटाळले असतील, असे वाटून मी त्यातल्या दोन ओळी कमी केल्या. यादी आली नाही. पुढे उमगले की यंत्र त्यांना स्वतःचा पत्ता म्हणून घरातल्या घरातला पत्ता देत होते. म्हणजे सुराबायातल्या माणसाला 'मधल्या खोलीत या' म्हणायचे आणि गावच सांगायचे नाही. तेही सुधारले. तरी शांतता. अखेर बाईंनी यंत्रापुढे पिवळ्या भाताचा डोंगर रचून, भोवती कोंबडी मांडून प्रार्थना करवली. भात सर्वांना पोहोचला, गुंतुरांना यादी नाही. कोंबडी पण भिंतीपलीकडेच राहिली का, असे त्यांनी विचारले.

मग मी सर्व्हरचे माहितीपुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. बोलणी एका दाराने होतात, पण माल निराळ्या दाराने जातो. ते दार यंत्र प्रत्येक वेळी नव्याने सांगते आणि पाहुण्याने तेथे जाऊन ठोठावायचे असते. माझ्या यंत्राने त्यासाठी काही दारे राखून ठेवली आहेत. परंतु आमच्या जाकार्ताच्या मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये बोलण्याचे तेवढे दार उघडे आहे, आणि ती फायरवॉल (केवळ वृत्तान्त पूर्ण व्हावा म्हणून लिहिते) तुमच्या ताब्यात आहे.

आता त्यानंतर आलेला तुमचा तो फोन आठवा. तुम्ही विचारलेत, "रेत्ना, एकच दार पुरेल ना गं? आणखी उघडायची का?" मी, आईने शिकवल्याप्रमाणे, म्हणाले, "नको काका, कशाला तुम्हाला त्रास." तुम्ही पुन्हा विचारलेत. मी म्हणाले, "नको हो, खरंच नको." आणि दारांचे आकडे समोर मांडून मी तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहू लागले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. काका, सोलोत जन्मलेल्या माणसाने दोनदाच विचारून थांबावे? येथे दोनदा नको म्हणणाऱ्याने अजून विचार करायलाही सुरुवात केलेली नसते. मला हे आईला सांगवले नाही. तिचे जाकार्ताविषयीचे मत फारच पक्के झाले असते.

असो. क्षेमकुशल कळवावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
रेत्नानिंग

ता. क. बसचालकाबरोबर भाताच्या खरपुडीचा डबा पाठवला आहे. तो काकूंसाठी आहे. पत्रातील मजकुराशी त्याचा काहीही संबंध नाही.

ता. क. दुसरा: दारे ५०००० ते ५००१०. ती फक्त गुंतुरांच्या छापखान्याच्या पत्त्यासाठी उघडावीत, इतर कोणासाठी नाही. सोमवारच्या आत.

ता. क. तिसरा: उघडण्यापूर्वी 'नक्की उघडू ना?' असे विचारायला कृपया फोन करू नये. विचारलेत, तर मी नको म्हणेन.