बाळंतपणाला जाण्यासाठीचं इंग्रजी

१० नोव्हेंबर, सोमवार

पाठ होत नाही! चाळीस जोड्या दिल्यात प्रतिभा मॅडमनी. बिकॉज ऑफ, इन्स्टेड ऑफ, इन फ्रंट ऑफ, ऑन बिहाफ ऑफ. क्लासला सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात मी — बावन्न वर्षांची, कोथिंबिरीच्या मातीने नखं काळी झालेली.

आपल्याकडे बरं असतं. 'मुळे' शब्दाच्या मागे चिकटवलं की झालं. 'ऐवजी', 'समोर', सगळे मुकाट मागे चालतात. यांचे दोन-दोन, तीन-तीन शब्द, आणि तेही पुढे! थंडीमुळे म्हणायचं तर आधी 'मुळे', मग थंडी. डोकं दुखतं.

मॅडम म्हणाल्या, "उज्वलाताई, रोजच्या बोलण्यात यातले दहा-बाराच लागतात. बाकीचे ऑफिसच्या पत्रांत असतात. तुम्ही साधे धरा."

पण व्हिसावाला साहेबच असणार ना? मी चाळीसच्या चाळीस करणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलाखतीची तारीख आली. सोळा डिसेंबर, मुंबईला.

मार्चअखेर वैष्णवीचं बाळंतपण. पहिलं माहेरी करायचं, हे आमच्यात ठरलेलं. पण तिला अमेरिकेतली नोकरी सोडून एवढे महिने इकडे येता येत नाही. मग काय, माहेरानेच विमानात बसायचं! व्हिसा मिळाला तर मी लेकीजवळ. नाही मिळाला तर मोबाइलात तिचं तोंड बघत बसायचं. नको गं बाई. विचारसुद्धा नको.

मराठीत बोललं तरी चालतं म्हणे. पण व्हिसाचा एजंट म्हणाला, इंग्रजीत बोललात तर छाप पडते. म्हणून हा क्लास.

सासूबाईंचे गुडघे गेलेत, तरी म्हणाल्या, "तू जा गं. माझं मी बघंल. पहिलटकरीण हाय पोर."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी वैष्णवीला फोन करते आणि पाच वाक्यं म्हणून दाखवते. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. आज म्हटलं, "आय ॲम कमिंग ऑन बिहाफ ऑफ युवर माहेर." इतकी हसली! म्हणाली, "आई, असं कोण बोलतं गं? आणि ते 'विथ रिगार्ड टू' तर नकोच. नुसतं 'अबाउट' म्हण." म्हटलं, फी भरलीय, सगळं वापरणार.

मग हसणं थांबवून म्हणाली, "तू फक्त ये."

२३ नोव्हेंबर, रविवार

जावयांशी बोलायचं होतं, पण रुद्र ऑफिसला गेलेत म्हणाली. रविवारीसुद्धा! किती राबवून घेतात तिकडे पोरांना.

२ डिसेंबर, मंगळवार

जीव थकलाय. पहाटे चारला उठून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, हे गाडी घेऊन मार्केटला गेले की सासूबाईंचं गरम पाणी, मग स्वयंपाक, मग निंदणी, मग क्लास, परत येऊन भाकरी. जुड्या बांधताना तोंडाने चालूच — अकॉर्डिंग टू, इन केस ऑफ, आउट ऑफ. थंडीने बोटं वळत नाहीत, पण जीभ वळली पाहिजे.

संध्याकाळी हे म्हणतात, "काय मॅडम, चहा माझ्या इन फ्रंट ऑफ ठेवा की!" डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "बिकॉज ऑफ तुम्ही, तीस वर्षांत मी चार दिवस कुठं गेले नाही!" बरोबर आलं की नाही कोण जाणे. पण यांना समजलं. गुपचूप उठून कप विसळून आले. सोमनाथरावांनी कप विसळला! सासूबाई बघतच राहिल्या.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "बघा, पाठ न करता आलं. रोजचं इंग्रजी ते हेच."

९ डिसेंबर, मंगळवार

वैष्णवी म्हणाली, "आई, आज वाक्यं नको."

"का गं?"

"काही नाही. थकलेय."

सहावा महिना, थकायला होणारच. खारीक खा म्हटलं, पाय वर घेऊन बस म्हटलं. आठच दिवस उरलेत, म्हणून पाच वाक्यं तेवढी म्हणून घेतली. तिने ऐकली. हसली नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

गेलं. सगळं गेलं!

एजंटने बजावलं होतं — लेकीला भेटायला आणि फिरायला जातेय म्हणा, जास्त बोलू नका. पण तो खिडकीतला गोरा साहेब हसरा होता. व्हाय आर यू गोइंग, म्हणाला. मला वाटलं, बाळंतपणाला निघालेल्या आईने फिरायला चाललेय म्हणायचं? लाज नाही वाटायची? मग मी सगळं सांगितलं. बाळाला तेल लावून अंघोळ घालणार. इन ॲडिशन टू दॅट, लेकीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, दोन्ही वेळचा स्वयंपाक. सव्वा महिना तिला काडी हलवू देणार नाही. कुठे अडखळले नाही. मॅडम असत्या तर पाठ थोपटली असती.

तो म्हणाला, "सो यू विल डू ऑल द वर्क?"

मी ताठ मानेने म्हटलं, "यस सर! ऑल!"

त्याने पासपोर्ट परत दिला, सोबत एक कागद. नाही म्हणून.

बाहेर येऊन एजंटला फोन लावला. तो डोक्याला हात लावूनच बोलत असणार. "ताई, कामं कशाला मोजून दाखवलीत? हा व्हिसा भेटायला जाणाऱ्याचा. तुम्ही कामाला चाललात असं वाटलं त्यांना."

लेकीचं बाळंतपण केलं तर ते कामाला जाणं! कोणत्या जगात राहतात ही माणसं? कसाऱ्यापर्यंत रडत आले. हे शेजारी बसून नुसते खिडकीबाहेर बघत होते.

१७ डिसेंबर, बुधवार

वैष्णवीला सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. नुसतं म्हणाली, "बरं." फोन ठेवला.

माझ्यावरच रागावली असेल. रागवायलाच हवं. तोंड आवरलं नाही माझं.

१८ डिसेंबर, गुरुवार

क्लासला गेले नाही. मॅडमचा फोन आला, उचलला नाही. वैष्णवीला तीनदा लावला, तिने उचलला नाही.

२० डिसेंबर, शनिवार

वैष्णवीचा फोन आला. तिच्याकडे रात्र होती, हळू बोलत होती. "आई, मी येतेय. चोवीसला. एकटी."

"आणि रुद्र?"

"त्याला माहीत नाही. तू सांगू नकोस. मी परत जाणार नाही आई. तू इथे असतीस ना, तर तुझ्यासमोर त्याने हात उचलला नसता. म्हणून बोलवत होते तुला."

आणि मी तिला रोज वाक्यं म्हणून दाखवत होते.