आपला म्हणजे कोणाचा

दि. १९ ऑक्टोबर, गुरुवार
ऑफिसातून

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद.

तू दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. मंगळवारी आले, काल आले. काल तुझ्या चपला बाहेर होत्या आणि आत नळ चालू होता. मी बेल वाजवली तसा तो बंद झाला. दहा मिनिटं उभी राहिले. शेजारणीने दार किलकिलं करून "आहेत घरी" हे नुसत्या भुवयांनी सांगितलं. जे बोलायचं आहे ते दारातून ओरडून सांगण्यासारखं नाही. पूर्ण वाच. अर्ध्यावर फाडू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

इकडे आईचे गुडघे आहेत तसेच. रोज विचारते, "जावईबापू उठून बसायला लागले का?" मी म्हणते, डॉक्टर प्रयत्न करताहेत. त्यांना कमरेखाली काही जाणवत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही इतक्यात सांगू नकोस. ऑफिसचा फोन वाजतच असतो. लोकांना खिडक्या पुसून हव्या आहेत. सध्या काम बंद आहे म्हटलं, तर काल एक बाई म्हणाल्या, "आणखी किती दिवस? माझ्याकडे पाहुणे यायचेत." मी फोन ठेवला. पूर्वी असा कधी ठेवला नव्हता.

आता मुद्द्याचं. तुझी चिठ्ठी मला रविवारी मिळाली होती. मिळालीच नाही, असं मी म्हणणार नाही. तू पॉलिसी वाचलीस आणि बरोबर वाचलीस. गिऱ्हाइकाची काच फुटली, सामान खराब झालं, खालून जाणाऱ्या कुणाला लागलं, तर भरपाई आहे. काम करणाऱ्याला नाही. म्हणून तू लिहिलंस, "हे कामावर नव्हते. डबा द्यायला आले होते, खाली उभे होते, वरून फळी अंगावर आली. एवढं एक कर, ताई."

तसं झालं नाही. विमा कंपनीचा नकार आला. तू आईला फोनवर म्हणालीस, "ताईला तिचं खरं बोलणं माझ्या नवऱ्यापेक्षा प्यारं आहे." आईने ते शब्दन् शब्द माझ्यापर्यंत पोचवलं. तिचे गुडघे दुखतात, कान शाबूत आहेत.

खरं सांगू? तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी आरशासमोर तीन वेळा म्हणून पाहिलं. डबा द्यायला आले होते. डबा द्यायला आले होते. वर्गात कविता पाठ करायचो, तसं.

विमा कंपनीचा तपास अधिकारी अकरा वाजता आला. सडपातळ, सभ्य माणूस. पाणी घेतलं, चहा नको म्हणाला. पहिलाच प्रश्न विचारला, "हे आपले कोण?"

"धाकट्या बहिणीचे यजमान."

"त्या दिवशी तिथे कशासाठी आले होते?"

"डबा द्यायला," मी म्हटलं. आवाज कापला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

त्याने ते लिहून घेतलं. मग फाइलमधून एक फोटो काढून माझ्यासमोर सरळ करून ठेवला. फुटपाथवर जावईबापू पालथे पडले आहेत. कमरेला पट्टा. अंगात आपला निळा शर्ट, आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत माझीच ओळ, "निर्धास्त राहा. आपला पूर्ण विमा आहे." अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. अक्षरं मोठी ठेवा, असं मीच बजावलं होतं.

"डबा आणणाऱ्यांनाही शर्ट देता का, बाई?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. दमलेला वाटला. थोड्या वेळाने म्हणाला, "आधीचं उत्तर मी ऐकलंच नाही असं समजू. कामावर होते, असं लिहितो. चालेल?"

मी सही केली. एवढंच झालं. माझ्या खरेपणाचा त्यात काही संबंध नव्हता.

पण ही ओळ आली कुठून, ते तुला ठाऊक नाही. त्या वर्षी गावात खिडक्या पुसणारा प्रत्येक जण पत्रकावर विमा छापायला लागला होता. चौकातल्या त्या हसऱ्या खिडकीवाल्याने तर "शंभर टक्के विमा" छापलं होतं. मी फोन करून विचारलं, पॉलिसी दाखवता का? म्हणाला, "बाई, आम्ही काचा पुसायला येतो, परीक्षेला बसायला नाही." मला चीड आली. म्हटलं, आपण खराखुरा विमा काढायचा आणि मगच छापायचं. काढला. मी छापखान्यात मजकूर नेला, "ग्राहकांच्या मालमत्तेच्या नुकसानीपुरता विमा उतरवलेला आहे." छापखानेवाला चष्म्यावरून बघत म्हणाला, "हे वाचेपर्यंत काच परत मळेल हो. तीन-चार शब्दांत बसवा."

मी तिथेच उभ्या उभ्या बसवलं. आधी लिहिलं, "आमचा विमा आहे." मग खोडून "आपला" केलं. कॉलेजात आम्हाला व्याकरण शिकवायला एक बाई होत्या, त्या सांगायच्या, "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की आत येतो. मला गिऱ्हाईक आत घ्यायचं होतं. वर अदबीने "तुमचा" असाही अर्थ निघतो. एका शब्दात दोन्ही कामं, मी स्वतःवरच खूश झाले. "पूर्ण" हा शब्द छापखानेवाल्याने घातला, ओळ ठसठशीत दिसावी म्हणून. मी तो काढला नाही, आणि पत्रकावरची तीच ओळ शर्टांच्या पाठीवरही छापून घेतली.

दोरीवरचा माणूसही ही ओळ वाचणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. रोज सकाळी घालताना वाचणार, आणि त्यालाही वाटणार की "आपला" म्हणजे त्यात तोही आला.

काम करणाऱ्यांचा विमा वेगळा काढावा लागतो, हे मला माहीत होतं. सही करण्यापूर्वी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यासाठी शिड्या आणि पट्टे तपासून दाखले घ्यावे लागणार होते आणि महिनाभर काम थांबलं असतं. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. तोवर आपण शिडीच्या वर गेलो नव्हतो. मग ती चार मजली इमारत मिळाली.

इथपर्यंतचं तू कुणाकडूनही काढून घेतलं असतंस. पुढचं घडलं तेव्हा फक्त आम्ही दोघं होतो, आणि त्यातला एक बोलणार नाही.

तू त्यांना बजावलं होतंस ना, "आधी ताईला विमा विचारा, नसेल तर चढू नका"? ते विसरले नव्हते. त्या दिवशी गच्चीवर पट्टा बांधताना त्यांनी विचारलं. मी खालच्या मजल्याची यादी तपासत होते. म्हणाले, "ताई, एक विचारू? हे पाठीवर लिहिलंय, आपला, म्हणजे त्यात मीपण का?"

मी यादीतून मान वर केली नाही. म्हटलं, "आपला म्हणजे कोणाचा, हे शाळेत शिकवलं नाही वाटतं तुम्हाला?"

ते हसले. "शिकवलं की. म्हणजे मीपण. आता बायकोला सांगतो, तुझी बहीण मास्तरीण आहे." आणि कठड्यावरून दोरीने उतरले.

मी "हो" म्हटलं नव्हतं. तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगते आहे, "हो" म्हटलं नव्हतं. वाक्य प्रश्नार्थक होतं. व्याकरणाने मी सुटते.

हूक भिंतीतून निघाला. विमा असता तरी निघालाच असता, हे मला कळतं. पण मी "नाही" म्हटलं असतं, तर ते त्या दिवशी खाली उतरलेच नसते.

आता हॉस्पिटलचं. तिसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. तू पलंगाच्या या बाजूला, मी खिडकीशी. तू विचारलंस, "ताईला विचारलं होतं का?" त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "विसरलो." तू रडत रडत बोललीस त्यांना. "एवढं एक काम सांगितलं होतं! तेही ध्यानात राहिलं नाही? आयुष्यभर विसरभोळेपणा!" नर्स आत आली, तरी तू थांबली नाहीस. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, मी अवघडेन म्हणून. आणि मी खिडकीच्या काचेवरचे ओघळ बघत उभी राहिले. मला तोंड आहे, आवाज आहे, लोकांना फोनवर दरडावताना तो कधी कमी पडला नाही. तेव्हा निघाला नाही. नंतर रोज निघेल असं वाटायचं. तू मलाच "ताई, तू होतीस म्हणून मी उभी आहे" म्हणालीस, तेव्हा तर अजिबातच निघाला नाही.

सोमवारी सही झाल्यावर मी त्या अधिकाऱ्याकडे कोरा कागद मागितला. गच्चीवरचं सगळं लिहून दिलं, खाली सही केली. त्याने नीट वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"हे आमच्या कामाचं नाही, बाई. विमा आहे असं तुम्ही म्हटलंत, म्हणून विमा होत नाही." दारापर्यंत जाऊन म्हणाला, "आणि हे कुणाला दाखवू नका. तुम्हीच अडकाल."

तो कागद तुला पाठवते आहे. वकिलाला दाखव. धंदा माझ्या एकटीच्या नावावर आहे, जे निघेल ते माझ्याकडून निघेल. काय निघेल, मला माहीत नाही. शिड्या, बादल्या, ती जुनी गाडी. त्यातून कुणाचे पाय परत येत नाहीत. मी कॉलेज शिकलेली बाई, मला प्रत्येक अर्जाचा रकाना भरता येतो, आणि या एका गोष्टीसाठी कुठल्या खिडकीशी जायचं हे मला समजत नाही.

माफी मागत नाही. तू दिलीस तरी ती कुठे ठेवू, हा प्रश्न आहे. एवढंच कर, आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसशील तेव्हा त्यांना विसरभोळे म्हणू नकोस. त्यांनी विचारलं होतं.

तुझी ताई
आणि त्यांची मालकीण

तुझ्या शेजारणीच्या हाती, बंद पाकिटात दिलेले कागद:
हे पत्र.
माझ्या सहीचं एक पान, विमा कंपनीने परत केलेलं.
पॉलिसीची मूळ प्रत.
हजेरीपुस्तक, तीन वर्षांचं. त्यात जावईबापूंची सही रोजची आहे. ते कामाला होते, हे त्यावरून सिद्ध होईल. शेवटच्या दिवसाचीही सही आहे, सकाळी आठची. त्यापुढचा "गेल्याची वेळ" हा रकाना मी भरलेला नाही.