तिच्या भाषेतलं मला येतं तेवढं

पेंटेकॉस्टनंतरचा मंगळवार, दुपार

बारक्या, तुला आणि पोरीला सलाम.

नाही, म्हातारपणी मला भक्तीचं वेड लागलेलं नाही. वेदीचं लाल कापड शिवून द्यायचं होतं, म्हणून चर्चमध्ये खेपा झाल्या. गुडघा ठीक. मशीनचा पट्टा तुटला होता, बदलला. तुझ्या खोलीच्या खिडक्या अधूनमधून उघडते, झालं.

पेंटेकॉस्टचा सण बरा झाला. पाळकसाहेब लांबण लावतात, ते आहेच. मग आपली जुनी रीत. पवित्र आत्मा उतरला तो उतारा सगळ्यांनी उभं राहून एकदमच वाचायचा, ज्याने त्याने आपल्या घरच्या भाषेत. नुसता गलका! दारं सताड उघडी, वारा आत, आणि माळ्यावरून पोरी लाल कापडाचे तुकडे सोडतात, आत्म्याच्या अग्नीच्या जिभा म्हणून. माझ्याच चिंध्या. पण खाली यायला इतका वेळ लावतात, की वाटतं, खाली यायचं विसरलेच.

तुझी बायको गेल्यापासून त्या गलक्यात तिची भाषा नसते. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं.

यंदा तुकडे उतरत होते, उजेडसुद्धा लाल वाटत होता, आणि ती माझ्या शेजारी उभी होती. ओले हात कपड्याला पुसत, नेहमीसारखी. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गेली असती. तोंड उघडलं आणि तिच्याच भाषेत सुरू केलं.

आता मला तिची भाषा येते किती? स्वयंपाकघरात कानावर पडली तेवढी. झाकण ठेव. दूध बघ. ये, बस, गरम आहे तोवर जेव. तेच घोळवत राहिले, चांगलं मोठ्याने. म्हटलं, एवढ्या आवाजात कुणाला कळतंय!

कळलं. मागच्या बाकावर एक नवी नर्स होती, तिच्याच मुलखाची. उपासना सुटल्यावर आली. डोळे ओले, आणि हसतेय.

"मावशी, तुम्ही मला जेवायला बोलावलंत?"

"मी वचन वाचत होते."

"वचनात दूध बघ असं आहे?"

"असेल कुठेतरी. चल आता."

आली. पोटभर जेवली. जेवताना तिच्या भाषेत कायकाय बोलत होती, मी नुसती मान हलवत होते. घर कसं भरल्यासारखं, आणि जरा पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

"या घरात ही भाषा कोण बोलतं?" तिने विचारलं.

"माझा भाऊ. लेकीकडे गेलाय."

"येणार आहेत ना परत?"

मी तिला आणखी वाढलं.

तुझी लेक फोनवर म्हणाली, तू ती भाषा आता तोंडातच घेत नाहीस. तुझं तू बघ. मी चौकशा करत नाही. पण ही पोरगी आता दर रविवारी यायची म्हणते, आणि माझ्याकडचे शब्द पहिल्याच जेवणात संपले. पुढचं बोलायला माणूस लागतो.

ये असं मी म्हणत नाहीये. रडगाणं मला जमत नाही. यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.

आक्का