शेजारच्या टार्गेटवर

सुभेदारसाहेब, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मला अजून तुमचा राग येतो. माणूस गेल्यावर राग सोडून द्यावा म्हणतात. नवऱ्याच्या बाबतीत मी तो सोडला. मला न सांगता ताप अंगावर काढत राहिला, एवढाच त्याचा गुन्हा होता. तुमचा एवढा साधा नव्हता. तुमच्याशी भांडण राहून गेलं, आणि भांडणाला समोरचा माणूस लागतो, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

तुम्ही तीनशे मीटरवर पालथे झोपून गोळी मारायचात तेव्हा मी टार्गेटखालच्या खंदकात उभी असायचे. आधी ते काम नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर क्लबने मला त्याच्या जागी घेतलं. टार्गेट दोरीने खाली ओढायचं, काठीला लावलेली तबकडी वर करून गोळी कुठे लागली ते दाखवायचं, भोकावर खळीने कागदाची चकती डकवायची आणि टार्गेट पुन्हा वर सोडायचं. मधल्या वेळात मी वाचायचे. शाळा सातवीतच सुटलेली, त्यामुळे काय वाचावं हे सांगणारं कोणी नव्हतं; हाताला लागेल ते वाचायचे. ऑफिसच्या कपाटात नेमबाजीच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक धूळ खात पडलं होतं. तेही मी डिक्शनरी घेऊन दोन वर्षांत संपवलं. तुमचा चेहरा मला माहीत नव्हता, तुमची भोकं माहीत होती. पहिली गोळी जराशी खाली डावीकडे, घड्याळात सात वाजतात तिथे, आणि पुढच्या पाच अशा की एका चकतीत सगळ्या झाकाव्यात. नवरा म्हणायचा, हा सुभेदार नेमबाज नाही, शिंपी आहे, एकाच भोकात टाके घालतो.

मग खराडीतल्या कंपन्यांमधली माणसं क्लबात येऊ लागली. त्यांच्या पैशातून मशिनची टार्गेटं बसवायचं ठरलं. गोळी कुठे लागली ते नेमबाजाच्या शेजारीच पडद्यावर दिसणार, म्हणजे खंदकात माणसं नकोत. सेक्रेटरींनी मला बोलावून सांगितलं की बायकांना शिकवायला एक बाई हवी आहे, पण तिच्याकडे राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट पाहिजे. म्हणजे आधी क्लबच्या टीममध्ये यायला पाहिजे. सुटीच्या दिवशी क्लबच्या जुन्या रायफलवर मी थोडंफार मारायला शिकले होते, पण तीनशे मीटरला माझ्या गोळ्या कागदभर पसरायच्या. शिकवणारं कोणी मिळालं नाही तर नोकरी जाणार, हे उघड होतं. आणि शिकावं असा तिथे एकच माणूस होता.

त्या दिवशी गोळीबार संपून लाल निशाण उतरल्यावर मी खंदकातून निघून तीनशे मीटर चालत तुमच्यापाशी आले. तुम्ही रायफल पुसत होता. मी काय म्हणते ते ऐकून घेतलंत आणि वर न बघता विचारलंत, "वारा कुठनं होता आज?"

"उजवीकडून. शेवटच्या दोन गोळ्यांना पडला."

"खड्ड्यातनं वारा दिसतो व्हय?"

"दिसत नाही. कागद फडफडतो तो ऐकू येतो."

तुम्ही रायफल पेटीत ठेवलीत. "रविवारी सहाला या. आणि त्या बांगड्या काढून ठेवा, बाई. खुळखुळतात."

नवरा गेल्यावरही मी काचेच्या दोन बांगड्या हातात ठेवल्या होत्या. त्यावरून घरच्यांचं ऐकून झालं होतं. तुम्ही ते रायफलसाठी म्हणालात की दुसऱ्या कशासाठी, हे मी विचारलं नाही. घरी जाऊन बांगड्या काढल्या, आणि राग तिथूनच धरला.

शिकवलंत मात्र खरं, ते नाकारत नाही. पहिले दोन महिने गोळीच दिली नाहीत. घरी सराव कर म्हणालात, म्हणून माझ्या दीड खोलीत ओट्यापासून दारापर्यंत पालथी पडते आहे, हातात कपडे वाळत घालायची काठी, समोर भिंतीवर कुंकवाचा ठिपका, आणि कुकरच्या शिट्टीने दचकायचं नाही हा नियम. शेजारीण दारातून बघून जाते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, कंबर धरली का हो? पुढे गोळी मिळाली तेव्हा प्रत्येक गोळीनंतर, तबकडी वर येण्याआधी, कुठे लागली ते मी सांगायचं. चुकलं की तुमचं सुरू. "तुमचा डोळा बरा हाय, बाई. डोकं आड येतंय." मी पुस्तकातलं काही काढलं की म्हणायचात, "वाचून वारा कळला असता तर आमच्या पलटणीत मास्तरच भरले असते." पोरगेल्या मेंबरांसमोर म्हणायचात. ते हसायचे. आठ महिन्यांत माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत यायला लागल्या आणि तुम्ही एकदाही बरं म्हणाला नाहीत.

त्याच महिन्यांत खराडीच्या कंपनीतला एक साहेब आला. परदेशी रायफल, महागडं जाकीट. टीममध्ये एकच जागा होती आणि ती आम्हा दोघांनाही हवी होती. तुम्ही त्यालाही शिकवायला लागलात. ते तुमचं स्वातंत्र्य. पण सरावाच्या सामन्यातसुद्धा तो मान न वळवता विचारायचा, "काका, विंड किती देऊ?" आणि तुम्ही मागून सांगायचात. माझ्या वेळी तुमची तंबाखू मळायची वेळ व्हायची. मी कमिटीपुढे गेले. नियमांचं पुस्तक उघडलं आणि तुमच्यासमोर वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. सामना चालू असताना मागून नेमबाजाशी बोलायचं नाही. कमिटीने तुम्हाला ताकीद दिली आणि तुमची खुर्ची पाच पावलं मागे नेली. तुम्ही टोपी काढून "बरं" म्हणालात. आठ महिन्यांत तुमच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच बरं.

निवडीच्या दिवशी मी चार नंबरवर, साहेब पाच नंबरवर. तुम्ही दोघांच्या मागे, दुर्बिणीला डोळा लावून. शेवटची गोळी राहिली तेव्हा मी त्याच्या पाच गुणांनी पुढे आहे. वारा पडायला लागलाय, मिनिटं संपत आलीत. वाऱ्यासाठी निशाणाकडे बघून परत साईटमध्ये येते, दम सोडते, ट्रिगर दाबते. सुटली तशी कळलं की गोळी मधोमध गेली. माझ्या टार्गेटवर तबकडी वर येत नाही. पाच नंबरवर दोनदा येते.

शेजारच्या टार्गेटवर मधोमध मारली होती मी. नियमाप्रमाणे शून्य. साहेबाची त्याची स्वतःची गोळी धरली आणि तो टीममध्ये गेला. मी उठून सरळ तुमच्याकडे आले.

"माझी नळी पाचवर गेलेली दिसली तुम्हाला?"

"दिसली."

"मग?"

"बोलायचं नसतं," तुम्ही म्हणालात. "तुम्हीच वाचून दाखवलंत."

दिवाळीनंतर मशिनं बसली, खंदक बुजवला. मी खराडीला एका कंपनीच्या गेटवर लागले. अकरा वर्षं पोरींच्या पर्स उघडून बघितल्या. डब्यात काय आणलंय ते पोरी आपणहून सांगायच्या, बऱ्या होत्या. तुम्ही गेल्याची बातमी पेपरात खालच्या कोपऱ्यात वाचली. तुमचं घर कर्वेनगरला, बसने जाता आलं असतं. गेले नाही. गेटच्या केबिनमध्ये ही गोष्ट मी किती जणींना सांगितली असेल. आठ महिने शिकवलेली बाई चुकीच्या टार्गेटवर नेम धरते आहे, आणि हा माणूस बघतो आणि गप्प बसतो. सगळ्यांनी तुम्हालाच नावं ठेवली. मला ते पुरायचं.

एक गोष्ट मी त्यात कधी घातली नाही. तुम्ही गप्प बसला नव्हतात. शेवटच्या गोळीआधी तुम्ही दोनदा खोकलात. तुम्हाला खोकला नव्हता. माझ्या कानात कापूस होता, तरी ऐकू आलं. मला वाटलं, तुम्ही साहेबाला खूण करताय, वारा बदलतोय, थांब म्हणून. त्याची खूण आपणच आधी वापरावी, वारा बदलायच्या आत गोळी सुटावी म्हणून मी नंबर न बघता घाईने ट्रिगर दाबला.

हे पत्र जायचं कुठे नाहीच, म्हणून लिहिता आलं. उद्या कोणी विचारलं तर मी ती गोष्ट आधीसारखीच सांगेन. खोकला सांगणार नाही.